कडूबाईचे चार रिकामे दिवस

माझी मावशी कडूबाई अकरा वर्षांत एक रात्रही घराबाहेर झोपली नव्हती, आणि त्याला कारण होतं म्हैस. पेडगावला तिच्या गोठ्यात आधी भुरीची आई होती, मग भुरी आली. एक आटली की दुसरी व्यालेली असायची, त्यामुळं घरात दूध नाही असा दिवस उगवला नाही; या गोष्टीच्या वेळी धारेला भुरी होती. आणि दोघीही एका हाताच्या. मावशीचा हात कासेला लागला की पान्हा सोडायच्या, दुसरं कुणी खाली बसलं की दूध वर चढवून ठेवायच्या आणि वरून लाथ. दूध तसंच बसून राहिलं तर कास दगडासारखी होते, म्हशीला ताप येतो, एखादा सड कायमचा जातो. म्हणून पहाटे पाचला आणि संध्याकाळी साडेपाचला मावशी गोठ्यात, मग जगात काहीही चाललेलं असो. एकुलत्या एक पोराची, आता बाहेरगावी राहणाऱ्या गोपाळची वरात दारात आली तेव्हासुद्धा ती चरवी गुडघ्यात धरून बसली होती. वरमाईवाचून वरात थांबली, पण धार थांबली नाही.

मी राजेश्री, तिच्या थोरल्या बहिणीची, तानुबाईची मुलगी. मानवतच्या पोस्टात कारकून आहे. लग्न केलं नाही, आईबरोबर राहते, आणि माझा स्वभाव तिखट आहे असं ऑफिसात सगळे सांगतात. ते खरंही आहे. कारण या मावशीशी मी तीन वर्षं धड बोलत नव्हते.

झालं असं की आजी, म्हणजे या दोघी बहिणींची माई, आजारी पडली ती आमच्याकडं, मानवतला. मावशी रोज दुपारच्या एसटीनं यायची, आजीचे पाय चेपायची, केस विंचरायची, आणि चार वाजले की पिशवी उचलायची. सतरा दिवस हेच. शेवटच्या दिवशी डॉक्टर स्पष्ट बोलून गेले होते, तरीही चारला ती उठली. आजी सात वाजता गेली. त्या तीन तासांत तिनं दोनदा विचारलं, "कडू कुटं गेली?" आणि दोन्ही वेळा मीच सांगितलं, "धारेला गेली." त्या दिवसापासून मला मावशी नकोशी झाली. जन्मदात्या आईपेक्षा म्हैस जवळची वाटणाऱ्या बाईशी काय बोलायचं, असं मी मनात घेऊन बसले.

अशी ही मावशी गेल्या दिवाळीनंतर एका सोमवारी पोस्टाच्या खिडकीशी उभी राहिली. मी अंदमानला जायचं ठरवलं होतं. सोबत येणारी मैत्रीण ऐन वेळी फिरली होती, आणि ही बातमी आईनं बहिणीला पोचवली होती.

"राजे, तू त्या बेटावर जायलीस म्हनं."

"हो."

"तिथं काय करतेत लोक?"

"काही नाही करत. बसतात, पाण्यात डुंबतात, दुपारी झोपतात."

"मंग मला तेच करायचंय," मावशी म्हणाली. "मी येते. दुधाचे पैसे हायेत साठवलेले माज्यापाशी."

मी म्हटलं, आणि मुद्दाम टोचून म्हटलं, "आणि धारेचं काय?"

"धार हे काढतेन," ती म्हणाली. मागं रांगेत पाच माणसं खोळंबली होती, पण ती हलेना. "सारा जल्म मी कुटंच बसले न्हाई. चार दिस बसायचंय. इरादा पक्का हाय माजा. तू निस्तं हो म्हन."

मी हो म्हटलं ते काही मायेनं नव्हे. महारुद्र मावसा धार काढणार ही कल्पनाच इतकी अशक्य होती की ही काही येत नाही याची मला खात्री होती.

महारुद्र मावसा म्हणजे पांढऱ्या मिशा, परीटघडीचा सदरा आणि एकदा ग्रामपंचायतीत निवडून आल्याचा जन्मभर पुरलेला रुबाब. बायकोशी ते कामापुरतं बोलायचे आणि म्हशीशी तेवढंही नाही. पण मावशीनं त्यांना महिनाभर आधी धरलं. पहिले आठ दिवस नुसतं शेजारी बसायचं. मग पेंड त्यांनी टाकायची, धार हिनं काढायची. मग ते खाली बसणार, आणि तिथं घोडं अडलं. भुरीनं चरवी उडवली आणि मावसांच्या नडगीवर निळं उमटवलं. तेव्हा मावशीनं आपलं रोजचं लुगडं काढून त्यांच्यापुढं टाकलं.

लुगड्याच्या वासानं म्हैस फसते हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बायको बाळंतीण असताना कितीतरी बाप्यांनी ते गुपचूप केलेलंही आहे. कबूल मात्र कुणी करत नाही. मावसा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या पहाटे गोठ्याला आतून कडी लागली. दुधाचा रतीब नेणाऱ्या पार्वतीबाईनं कुडाच्या फटीतून पाहिलं ते असं: मिशांवर पदर घेतलेले मावसा भुरीखाली बसलेत, आणि मावशी म्हशीच्या कानाशी उभी राहून "हं माझी बाय, हं माझी भुरे" करतेय. भुरीनं दूध दिलं. दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली, आणि मावसा चार दिवस पारावर गेले नाहीत.

गावाला मावशीचं जाणं काही केल्या कळेना. बायका नारळ घेऊन आल्या, देवापुढं फोडायला. "तिथं देव कोन्ता हाय?" बायनाबाईनं विचारलं. मावशी म्हणाली, "देव न्हाई. पानी हाय." बायनाबाईला वाटलं, ही सांगायला लाजायली, नवसाचं काही असेल. तिनं नारळ तिथंच ठेवला, आणि आल्यावर यात्रेचं मावंदं कधी जेवू घालणार तेही विचारून गेली. असे अकरा नारळ जमले. खोबऱ्याच्या देशात आम्ही नारळ घेऊन जाणार होतो. मी ते पिशवीतून बाहेर काढले, तर मावशीनं दोन परत कोंबले.

जानेवारीत आम्ही निघालो. संध्याकाळची धार काढून मावशी परभणी स्टेशनवर आली, गाडीत बसली. हैदराबादला पहाटे फलाटावर पाय ठेवतो तोच फोन.

"सोडंना," मावसा म्हणाले. "लुगडं नेसलो, पेंड टाकली, समदं केलं. तशीच उभी हाय."

इतकी तालीम केली आणि नेमकं एकच राहिलं होतं. महिनाभर मावशी शेजारी उभी राहून बोलत होती. भुरी लुगड्याला नव्हे, आवाजाला पान्हवत होती. हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"फोन मोठ्या आवाजावर करा," मावशी म्हणाली, "अन् तिच्या कानापाशी धरा." मग त्या गर्दीत, हमालांच्या आरडाओरड्यात तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "हं माझी बाय. हं माझी भुरे." माणसं वळून बघू लागली. पाच मिनिटांनी पलीकडून चरवीत धार पडल्याचा आवाज आला.

तेव्हापासून हेच सुरू झालं. संध्याकाळी लॉजच्या जिन्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळावर, तपासणीच्या रांगेत. वर्दीतल्या बाईनं विचारलं, कुणाशी बोलताय. मावशीनं खरं तेच सांगितलं. बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान दुसरीकडं फिरवली.

दुपारी बोटीनं आम्ही अंदमानातल्या नील बेटावर उतरलो. बेट म्हणजे एक रस्ता, त्याला फुटलेल्या चार पायवाटा, आणि सगळीकडं सुपारी, केळी, वांग्याचे वाफे. दुकानदार दुपारी शटर ओढून सरळ झोपतात आणि गिऱ्हाइकानं उठवलं तर त्यांना नवल वाटतं. सायकलवरची माणसंसुद्धा इतकी सावकाश जातात की पडत कशी नाहीत हा प्रश्न पडावा. आम्ही एका बंगाली बाईच्या घरी उतरलो. अंगणाच्या टोकाला समुद्र होता, आणि दोन झाडांमध्ये बांधलेली एक जाळीची झोळी. मावशीनं ती पाहिली आणि विचारलं, "कुनाचं लेकरू हाय?" मोठ्या माणसांसाठी आहे म्हटल्यावर तिला हसू आवरेना.

पण त्या घरात फोन लागत नव्हता. लागत होता तो फक्त बोटीच्या धक्क्यावर, दीड किलोमीटरवर. साडेपाचला तिथं अंधार पडतो. हातात बॅटरी घेऊन आम्ही दोघी धापा टाकत धक्क्यावर गेलो आणि मावशी समुद्राकडं पाठ करून म्हशीशी बोलली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. परत येताना ती वाटेत उभी राहिली.

"राजे, मी बेटावर आले का गोठ्यातच हाय?"

खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटलं. म्हटलं, भोग. हिला म्हैस सुटणार नाही, मी म्हणतच होते.

तो दिवसही फुकट गेला. सकाळी तिनं बंगालीणबाईच्या हातून झाडू घेतला, मी तो काढून घेतला. तासाभरानं ती शेंगा सोलताना सापडली. झोळीत बसली तर पाय खाली टेकवून, एसटीची वाट बघत असल्यासारखी, आणि दर दहा मिनिटांनी मला वेळ विचारत. तीन वाजल्यापासून तिचं धक्क्याकडं लक्ष लागलं.

साडेपाचला धक्क्यावर जाऊन तिनं फोन लावला. मावसांनी सवयीनं तो म्हशीच्या कानाला धरला असणार, कारण मावशी म्हणाली, "तिला नगं, तुमच्या कानाला लावा. मी आता फोन करनार न्हाई. आजपून तुमी बोला तिच्याशी."

"मी काय बोलू?" मावसांचा आवाज मला बाजूलाही ऐकू येत होता. "मला तसलं जमत न्हाई."

"जमंल."

"पार्वतीबाई दुधाला हुबी हाय दारात. लोक ऐकतेत."

"ऐकू द्या. लुगडं बघितलंच हाय त्येंनी."

"कास जाईल, कडू. मंग रडशील. त्यापरीस तूच माघारी ये."

मावशीचा चेहरा उतरला. म्हशीवर तिची जिवापाड माया, हे मला ठाऊक होतं. मग हळू पण ठाम आवाजात म्हणाली, "न्हाई येत. चार दिस म्हनले म्हंजे चार दिस. माज्याशी कवा गोड बोलला न्हाईत, तिच्याशी बोलून बघा. ती तर उलटून काय म्हनत न्हाई." आणि तिनं फोन बंदच करून टाकला.

त्यानंतरचा दिवस मी विसरणार नाही. पहाटे पाचला ती जागी होती, मीही होते. "जाऊन येऊ का धक्क्यावर?" मीच विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या भुरीची काळजी वाटली. मावशी म्हणाली, "गप पड."

दिवसभर तिनं काहीच केलं नाही, आणि ते तिनं दात-ओठ खाऊन केलं. सकाळी लुगडं गुडघ्याच्या वर खोचून पाण्यात उतरली आणि कमरेइतक्या पाण्यात तासभर बसून राहिली. दुपारी झोळीत आडवी झाली. हात शिवशिवायला लागले की ते पोटावर एकमेकांत अडकवायची. ओहोटीला पाणी पार लांब गेलं, खडक उघडे पडले, त्यांच्या खळग्यांतले निळे मासे तिनं वाकून वाकून पाहिले. मला म्हणाली, "ह्ये मासे बी काय करत न्हाईत." साडेपाच वाजले. अंधार झाला. ती उठली नाही. ओठ हलत होते तेवढे, पण काय ते मी विचारलं नाही. मनात मात्र एवढं आलं की ही बाई दगड नाही. हिला बसवत नाहीये आणि तरी ही बसली आहे.

चौथ्या दिवशी सकाळी परतीच्या बोटीची चौकशी करायला धक्क्यावर जावंच लागलं. तिथं माझा फोन सुरू झाला आणि मावसांचे नऊ फोन येऊन गेलेले दिसले. मावशीनं ते पाहिलं आणि कठड्याला धरून खालीच बसली. मी फोन लावून तिच्या हातात दिला.

"सोडला पान्हा," मावसा म्हणाले. "परवा रातच्यालाच. तवापून दोन्ही टायमाला द्यायलीय. तुला सांगावं मनून किती फोन लावले."

"काय बोललात तिच्याशी?"

मावसांनी आवाज खाली आणला. "तुजंच सांगितलं. म्हनलं, ती बेटावर गेलीय, आराम करायलीय, येती. कान टवकारून ऐकायली. मंग मी बी सांगत बसलो."

"अन् लुगडं?"

"न्हाई नेसलो. सदऱ्यावरच."

मावशी "बरं" म्हणाली आणि फोन माझ्याकडं दिला. मला वाटलं आता ही हसेल. मी स्वतः हसतच होते. पण तिनं पदर तोंडात धरला आणि ती रडायला लागली. साधं रडणं नव्हे. धक्क्यावरचे कोळी हातातली कामं सोडून बघायला लागले.

"एक महिना लागला, राजे," ती म्हणाली. "निस्ता एक महिना. त्यातबी लुगड्याची गरज नव्हती. माई सतरा दिस खाटंवर व्हती. त्या आधी चार महिने आजारी व्हती. मी येका शब्दानं म्हनले असते का, तुमी शिका, मी माईपाशी ऱ्हाते, तर झालं असतं. मी म्हनलेच न्हाई. मला वाटलं, माज्याबिगर हुयाचंच न्हाई. मला कुनी म्हनलं बी न्हाई."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. तीन वर्षं मी तिच्यावर राग धरून होते. त्या सतरा दिवसांत मावसा दोनदा आमच्याकडं आले होते, चहा पिऊन, आजीची विचारपूस करून, दुपारभर बसून गेले होते. त्यांना मी बशीत बिस्किटं दिली होती. तुम्ही का नाही हो धार काढत, हे विचारणं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. चार पावलांवरचा धडधाकट माणूस मला दिसला नाही आणि मी सगळा दोष त्या बाईच्या पदरात टाकला. मला स्वतःची लाज वाटली. तसं मी तिला सांगितलंही, तिथंच, तिच्या शेजारी जमिनीवर बसून.

"मावशी, मी तुझ्यावर लय चिडून होते."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "मनून तर तुज्यासंगं आले."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं. उठली तेव्हा म्हणाली, की तिला अजून एक दिवस बाकी आहे आणि तो रडण्यात घालवायचा नाही. घरी जाऊन ती झोळीत आडवी झाली, पाय वर घेतले, आणि दुपारी दोन तास घोरत झोपली. बंगालीणबाई हळूच येऊन तिच्यावर चादर टाकून गेली. चार दिवसांतले दोन म्हशीनं खाल्ले आणि एक काळजीनं, पण तो शेवटचा दिवस मावशीला पुरता मिळाला.

परभणीला उतरलो तेव्हा सकाळ होती. बसस्टँडवर पेडगावची गाडी लागलेली होती. मावशीनं तिच्याकडं पाहिलं, पिशवी उचलली आणि माझ्याबरोबर मानवतच्या गाडीत चढली. वाटेत मावसांचा फोन आला. ती म्हणाली, "दोन दिस अक्कापाशी ऱ्हाते. भुरीला सांगा." पलीकडून काय आलं ते कळलं नाही, पण तिनं फोन ठेवला तो शांतपणे.

आईनं दार उघडलं आणि बहिणीला बघून चक्रावली. चहा झाला, दुपारचं जेवण झालं, बेटाचं सगळं सांगून झालं. चार वाजले तशी आई सवयीनं म्हणाली, "निघ बाई आता, धारेची येळ झाली."

"धारेला मानूस हाय," मावशी म्हणाली. आजी ज्या खोलीत होती तिथं जाऊन ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं आईला हातानं शेजारी बोलावलं. "अक्का, बस इथं. रोज मी निघून गेल्यावर माई काय काय बोलायची, ते समदं मला सांग."

आईनं माझ्याकडं एकदा पाहिलं, मग तिच्या शेजारी बसली आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.